ऑक्सिजन सेन्सर: आधी तपासा, मग पाना लावा

जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज घसरतं, पीयूसीत कार्बन मोनॉक्साईड जास्त येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१३० ते पी०१३५ मधला कोड दिसतो. अशा वेळी बरेच जण थेट नवा सेन्सर बसवून मोकळे होतात. पण कोड सेन्सरचा आला म्हणजे दोषही सेन्सरचाच, असं नसतं. सायलेन्सरमधल्या धुरात किती ऑक्सिजन उरला, एवढंच तो सांगतो. बाहेरची हवा कुठून चोरून शिरत असेल, तर तो खरंच सांगत असतो.

म्हणून पहिली तपासणी हवेच्या गळतीची. थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या जोडाजवळ) कान द्या. फट्‌फट् आवाज किंवा गॅस्केटच्या कडेला काजळीचा काळा ओघळ दिसला, तर तिथे गळती आहे. तिथून हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. व्हॅक्युमच्या भेगा पडलेल्या रबरी नळ्याही बघा. त्यांच्यातून हवा शिरत असेल तर ओळख सोपी आहे: आयडलला फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, तो स्कॅनरवरचा आकडा) खूप प्लसमध्ये असतो आणि २५०० आरपीएमला बराच खाली येतो.

आता सेन्सर. पुढचे आकडे साध्या झिर्कोनिया सेन्सरचे आहेत, बीएस-३, बीएस-४ काळातल्या बहुतेक गाड्यांत हाच असतो. वाइडबँड सेन्सरला ते लागू नाहीत. गाडीत सीएनजी किट असेल तर तपासणी पेट्रोलवरच करा, कारण काही किट सेन्सरचा सिग्नल मध्येच अडवून ईसीयूला वेगळाच दाखवतात.

इंजिन पूर्ण गरम करा, २५०० आरपीएम धरा आणि स्कॅनरवर बँक १ सेन्सर १ चं, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधी बसवलेल्या पुढच्या सेन्सरचं, व्होल्टेज बघा. ते ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवं, १० सेकंदांत साधारण आठ वेळा तरी. मग एक व्हॅक्युम नळी क्षणभर काढा. व्होल्टेज लगेच ०.२ च्या खाली जायला हवं. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की ०.८ च्या आसपास चढायला हवं. दोन्हीकडे जातो पण आळसावल्यासारखा, तर सेन्सर म्हातारा झाला, पी०१३३ यायचं एक कारण हेच. ०.४५ वर ठिय्या मारून बसला, तर तो मेला आहे किंवा वायर तुटली आहे. कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र ०.६-०.७ ला जवळपास स्थिर असणंच बरोबर. तोही पुढच्यासारखा नाचत असेल तर दोष कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा.

पी०१३५ (सेन्सर गरम करणाऱ्या हीटरचा कोड) आला तर आधी फ्यूज बघा. मग कपलर सोडून हीटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरींवर मल्टीमीटर लावा. थंड असताना साधारण ५ ते १५ ओहम येतात. काहीच आलं नाही तर हीटर जळालाय. सिग्नलच्या वायरीवर ओहम मोजू नका, सेन्सर बिघडू शकतो.

बदलताना बहुतेक गाड्यांना २२ चा, वायरीसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा: पाईप कोमट असताना सेन्सर सुटतो, लालबुंद असताना हात भाजतो. थोडा फिरून अडकला तर जोर लावू नका, परत आत फिरवा, स्प्रे मारा, पुढे-मागे करत काढा. इथे घाई केली की पाईपचेच आटे सोलून येतात आणि काम दुप्पट होतं. आटे खराब झालेच, तर १८ मिलिमीटर, १.५ पिचचा टॅप फिरवा.

काढलेल्या सेन्सरचं टोक नीट बघा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरी भुकटी म्हणजे सिलिकॉन सीलंट किंवा कूलंट आत पोचलंय. हे कारण दूर केल्याशिवाय नवा बसवलात तर त्याचीही तीच गत होईल.

नव्याचे आटे कंपनीतूनच ग्रीस लावलेले येतात. नसतील तर सेन्सरसाठीचंच अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी थोडं, फक्त आट्यांवर लावा. टोकाला बोटही लागू देऊ नका. खाली पडलेला सेन्सर बसवू नका, आतली सिरॅमिक तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा, मग साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळा. युनिव्हर्सल सेन्सरच्या वायरी जोडताना सोल्डर नको, क्रिंप करा. बऱ्याच सेन्सरांना धुराशी तुलना करायला लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते. वायर पाईपपासून दूर, मूळच्या क्लिपमध्येच अडकवा.

कोड पुसा, ३०-४० किलोमीटर चालवा. फ्यूएल ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत आला, तर काम झालं. तरीही प्लसमध्येच अडकला असेल, तर पुन्हा गॅस्केट आणि रबरी नळ्यांकडे वळा.