थायरॉईडची गोळी ‘लागू पडत नाही’ तेव्हा

जत-आटपाडीकडून मिरजेच्या दवाखान्यांत येणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या पिशवीत टीएसएचचे (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचे) चढते रिपोर्ट असतात आणि डोस मात्र दर खेपेला वाढलेला असतो. ज्यांची ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे, त्यांनाही थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतले औषध, रोज किलोमागे सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलो वजनाला साधारण 100 मायक्रोग्रॅम पुरते. तिथे 300 देऊनही फरक पडत नसेल, तर आणखी वाढवण्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांनी थांबावे.

पहिला संशय रुग्णावर घेऊ नये. गोळी चहाबरोबर घेतली जाते का, लोह किंवा कॅल्शियमपासून चार तासांचे अंतर राखले जाते का, आम्लपित्ताचे औषध चालू आहे का, हे विचारावे आणि सिलिअकसारखा आतड्याचा विकार तपासावा. टीएसएच खूप वाढलेला, पण फ्री टी4 (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) नॉर्मल असेल, तर तपासणीच्या तोंडावरच गोळ्या घेतल्या गेल्याची शक्यता असते.

त्यानंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शोषणचाचणी, म्हणजे गोळी आतड्यातून रक्तात उतरते का याची तपासणी, करावी. हृदयविकार नसलेल्या प्रौढाला उपाशीपोटी, नर्ससमोर, बहुधा 1000 मायक्रोग्रॅम एकदम देतात, गोळी गिळल्याची तोंड पाहून खात्री करतात आणि पुढचे काही तास रुग्णाला नजरेआड होऊ न देता ठरावीक अंतराने फ्री टी4 मोजतात. तो ठळकपणे वाढला, तर आतडे निर्दोष आहे; म्हणजे घरी गोळी नियमित पोटात जात नसावी.

मात्र एवढ्यावरून कृत्रिम आजारविकृतीचा (मुद्दाम आजारी राहण्याच्या मनोविकाराचा) शिक्का मारणे मला घाईचे वाटते. विसरणे, औषधाची भीती आणि नैराश्य ही कारणेही असतात. रजा किंवा पैशासाठी केलेले सोंग वेगळे, आणि कोणताही उघड लाभ नसताना रुग्ण म्हणून राहण्यासाठी केलेली लपवाछपवी वेगळी. हा निवाडा मनोविकारतज्ज्ञांचा आहे.

निकाल सांगताना ‘तुम्ही खोटे बोललात’ असे म्हणू नये; ‘औषध तुमच्या अंगी लागते, आता ते नियमित पोटात कसे जाईल ते पाहू’ असे म्हणावे. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्याने, हृदयविकार नसल्यास, आठवड्याचा डोस एकदम दवाखान्यातच देता येतो; बाजारच्या दिवशी तालुक्याला यावेच लागते, तोच दिवस ठरवावा. नातेवाइकांनी जेवणातून चोरून गोळी देऊ नये. रुग्ण गुंगीत जाऊ लागला, अंग गार पडले किंवा श्वास मंदावला, तर समजूत घालत न बसता तातडीने दाखल करावे.