जुन्या घराच्या कामात उतरताय? ओलीचं आधी बघा

नव्या बांधकामावर दोनचार वर्षं काढून आता जुन्या घरांच्या दुरुस्तीत येताय, म्हणजे ओळंबा, लेव्हल, मालाचं प्रमाण हे तुम्हाला येतंच, ते मी सांगत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायचीये, जिच्यात मी पुरता फसलो आणि जी आठवली की अजून पोटात गोळा येतो.

माझं पहिलं जुनं घर. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, तळमजल्याच्या खोलीत गुडघ्याएवढी ओल, गिलाव्याचे पोपडे पडतायत. मी सगळा चुना छन्नीने उतरवला, एकास चारचं सिमेंट प्लास्टर केलं, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल, वरून डॅम्पप्रूफ पेंट. भिंत इतकी गुळगुळीत झाली की घरमालकीणबाई हात फिरवून बघत होत्या. एक पावसाळा गेला आणि त्यांचा फोन आला. ओल छातीपर्यंत चढलेली. प्लास्टरवर टिचकी मारली तर पोकळ आवाज, कड धरून ओढलं तर अख्खा पापुद्रा हातात आला आणि त्याच्या पाठीला विटांची तोंडं चिकटलेली. मागे उरलेली वीट नखाने खरवडली तर पीठ पडत होतं.

हे का झालं ते दोनदा वाचा पण समजून घ्या. जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं. चुन्याची भिंत ते सांध्यांतून, गिलाव्यातून बाहेर सोडत राहते, म्हणून ओल एका उंचीवर थांबते. मी ती वाट बंद केली, मग पाणी वाट शोधत अजून वर गेलं. त्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते आतून ढकलतात. चुन्याचा गिलावा हे क्षार स्वतःत घेतो आणि झडतो, वीट वाचते. म्हणजे जो गिलावा मी खराब म्हणून पाडला तो त्याचं काम चोख करत होता! आणि सिमेंट कडक, जुनी भिंत जराशी हलली तरी त्याला चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं पण परत बाहेर येत नाही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ सालचं आहे, त्याच्या आधीच्या भिंती चुन्यात नाहीतर मातीत, आणि नंतरही कितीतरी वर्षं लोक चुनाच वापरत होते. त्यामुळे भिंत कशात बांधलीये हे सांधा खरवडून बघितल्याशिवाय सिमेंटचं पोतं फोडायचंच नाही.

आणि पाणी येतंय कुठून ते शोधा. घराबाहेरून एक चक्कर मारा, शक्यतो पाऊस चालू असताना. माझ्या त्या घरात बाहेरच्या फरशीवर फरशी चढत जोतं बुडालं होतं आणि पन्हळीचा एक जोड नेमका त्याच भिंतीवर गळत होता. हे दोन्ही मी आधी बघितलंच नव्हतं. भिंतीला छिद्रं पाडून केमिकल भरायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर आधी त्याला पन्हळ दाखवा. ओल मोजायचा मीटर भिंतीत टोचून घाबरवणारे पण भेटतील, तो मीटर वीज किती वाहते ते मोजतो, क्षार असले की आकडा चढाच येतो. मला विचाराल तर गुरू असा धरा जो भिंत वाजवून बघतो आणि लगेच उत्तर देत नाही.

भिंत सुकायला वेळ लागतो, ढोबळ हिशोब इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत म्हणजे काय ते बघा, आणि हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगा, नंतर सांगितलं तर भांडण होतं. चुना पातळ थरात, एक थर घट्ट झाल्यावर दुसरा, मधे हलकं पाणी मारत. कळीचा चुना भिजवताना चष्मा हवाच, तो उकळतो आणि डोळा जाऊ शकतो. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही.

बाकी, टेकू लावल्याशिवाय एकही भिंत फोडू नका, ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापू नका, जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. यात माफी नाही.

पण घाबरू नका हो. जुनं घर घाई करत नाही, चूक झाली तरी बहुतेक वेळा सुधारू देतं. त्या खोलीतलं सिमेंट मी माझ्या खर्चाने उतरवलं, भुगा झालेल्या विटा बदलल्या, फरशी जोत्याखाली नेली, पन्हळ बदलली आणि भिंत सुकल्यावर परत चुना केला. ओल आता घोट्याच्या वर येत नाही. खालची वीतभर पट्टी अधूनमधून झडते, ती मी स्वतः जाऊन भरून येतो.