दोघांनी मिळून जुन्या, जगावेगळ्या वस्तू कशा जमवाव्यात

जोडीने जुन्या वस्तू जमवायला लागलेली माणसं बहुतेक वेळा एकच नियम करतात: दोघांना आवडेल तेच घ्यायचं. ऐकायला हा नियम समजूतदार वाटतो, पण त्यातून घर भरतं ते कुणाच्याच मनात न भरलेल्या वस्तूंनी. दोघांनाही बरी वाटलेली फुलदाणी, दोघांनाही चालेल असं घड्याळ. माझ्या मते नियम असा हवा: एकाचं वेड आणि दुसऱ्याचा होकार. निदान एकाला तरी ती वस्तू सोडून निघवत नसेल आणि दुसऱ्याला ती घरात रोज दिसलेली चालणार असेल, तरच घ्या. नकाराचा हक्क दोघांनाही सारखा असावा आणि नकाराचं कारण विचारू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर उभ्या आहेत.

आधी एक सैल धागा ठरवा

‘जुनं काहीही’ असं म्हणून निघालात तर पहिल्याच बाजारात डोळे दमतात. उलट ‘1950 च्या आधीचे पोर्सेलीनचे कप’ इतकं नेमकं ठरवलं, तर तासन्‌तास हाती काही लागत नाही आणि दोघांपैकी एकाचा उत्साह मावळतो. मधलं काहीतरी शोधा. ‘अक्षरं असलेल्या वस्तू’ हा धागा मला फार आवडतो. टाइपरायटर, इनॅमलच्या पाट्या, रबरी शिक्के, छापखान्यात अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे असं सगळं त्यात बसतं आणि दोघांना आपापला कोपरा मिळतो. (खिळे हाताळल्यावर मात्र हात धुवायचे. शिसं विषारी असतं.) ‘हाताने चालणारी यंत्रं’ किंवा ‘बेकेलाइटच्या (म्हणजे सुरुवातीच्या कडक प्लास्टिकच्या) वस्तू’ हेही धागे चांगले.

पैसे आणि जागा

तीन पाकिटं करा: तुझं, माझं आणि दोघांचं. छोट्या वस्तू ज्याने त्याने आपल्या पाकिटातून घ्याव्यात. ठरलेल्या रकमेच्या वरची खरेदी दोघांच्या पाकिटातून, दोघांनी मिळून. जागेची मर्यादाही अशीच आधी ठरवा: अमुक कपाट, अमुक भिंत. ती भरली की नवी वस्तू आणताना एक जुनी बाहेर जाईल.

बाजारात वेगळे फिरा

जुन्या बाजारात हातात हात घालून फिरणं छान असतं, पण त्यात दोघांची नजर एकाच वस्तूवर जाते. सुरुवातीला वेगळे व्हा. ठरलेल्या वेळी भेटा आणि प्रत्येकाने आपली सगळ्यात आवडलेली एकच वस्तू दुसऱ्याला दाखवा. मग दोन कामं वाटून घ्या. ज्याला वस्तूची ओढ आहे त्याने विक्रेत्याशी बोलावं, तिचा इतिहास विचारावा. दुसऱ्याने तेवढ्यात ती हातात घेऊन तपासावी. प्रेमात पडलेल्या माणसाला तडा दिसत नाही, म्हणून तपासणारा वेगळा हवा. जोडीने फिरण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

हातात घेऊन तपासा

खिशात तीन गोष्टी ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटं लोहचुंबक आणि बॅटरी.

चुंबक पितळेला आणि तांब्याला चिकटत नाही. ‘अस्सल पितळ’ म्हणून समोर ठेवलेल्या दिव्याला तो चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. चांदीलाही चुंबक चिकटत नाही, पण तेवढ्यावरून चांदी सिद्ध होत नाही. चमचा उलटा करून शिक्का वाचा. ‘ईपीएनएस’ असं असेल तर तो चांदीचा मुलामा दिलेला मिश्रधातू आहे. तो वाईट नाही, फक्त चांदीच्या भावाने घेऊ नका.

चिनी मातीची वस्तू तळहातावर तोलून बोटाने हलकेच टिचकी मारा. धड वस्तू खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द आवाज करते. वरच्या चकाकीच्या थरावर जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर वस्तू शोभेला ठेवा, खायला वापरू नका. जुन्या चकाकीत शिसं असू शकतं. चित्र किंवा फोटो भिंगाखाली धरा. एकसारख्या ठिपक्यांची रांग दिसली तर ती छापखान्यातून निघालेली प्रत आहे.

टाइपरायटर घेताना कागद लावून प्रत्येक कळ दाबा, मग गाडा (कागद धरून सरकणारा वरचा भाग) शेवटपर्यंत सरकतो का ते बघा. गाडा जागीच अडला असेल तर बऱ्याचदा त्याला ओढणारी दोरी तुटलेली असते. ती बदलता येते, पण भाव ठरवताना हे लक्षात ठेवा. कॅमेरा घेताना त्याला कोणती फिल्म लागते ते आधी विचारा. 120 क्रमांकाची फिल्म 1901 पासून आजवर मिळते, म्हणून तिच्यावर चालणारे जुने खोका-कॅमेरे अजून फोटो काढू शकतात. 620 ची फिल्म 1995 मध्ये बंद झाली. फिल्म तीच, फक्त तिची रीळ वेगळी, त्यामुळे अंधारात 120 ची फिल्म त्या रिळावर गुंडाळून घेणारे हौशी लोक आहेत.

लाकडाला छोटी भोकं असतील तर घाबरू नका, पण वस्तू कागदावर आपटून बघा. ताजा, फिकट भुसा पडला तर कीड जिवंत आहे. दुसऱ्याने नकार द्यायला एवढं कारण पुरेसं.

वय ओळखायच्या खुणा

विक्रेता म्हणतो तेवढी वस्तू जुनी असतेच असं नाही. तिच्यावरच उत्तर लिहिलेलं असतं, आणि ते दोघांनी मिळून शोधण्यात मोठी गंमत आहे. खोक्यावर बारकोड आहे? मग ते 1974 च्या आधीचं नाही, कारण दुकानात पहिला बारकोड त्या वर्षी वाचला गेला. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकात आला. एकोणिसाव्या शतकातल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीत तो दिसला, तर पेटी तरी नवी किंवा दुरुस्ती तरी नवी. ‘ऑक्युपाइड जपान’ असा छाप दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातला, म्हणजे 1952 पर्यंतचा. ‘वेस्ट जर्मनी’ म्हटलं की 1949 ते 1990. बेकेलाइटचा शोध 1907 चा. ते गरम पाण्याखाली धरलं की कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो. कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड, म्हणजे त्याहून जुनं प्लास्टिक. ते पटकन पेट घेतं, म्हणून दिव्याजवळ किंवा शेगडीजवळ ठेवू नका.

ग्रामोफोनच्या तबकड्यांनाही असाच क्रम आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या आणि ठिसूळ, 33 फेऱ्यांची लाँगप्ले 1948 ची, 45 फेऱ्यांची 1949 ची. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते. आधुनिक बारीक सुईही तिच्यावर चालवू नका. तिची खाच रुंद असते, तिला रुंद सुई लागते.

घासाघीस

एकानेच बोलावं. दुसऱ्याने मध्ये पडून ‘घेऊन टाक ना’ म्हटलं की भाव तिथेच थांबला. ‘आता निघूया’ यासाठी दोघांत एक ठरलेला शब्द असू द्या. तपासताना सापडलेले दोष शांतपणे दाखवा, पण वस्तूला नावं ठेवू नका. विकणाऱ्याने ती जपलेली असते.

घरी आणल्यावर

कापड, पुस्तकं किंवा बाहुली थेट कपाटात ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे 18 अंश सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, कीड आणि तिची अंडी मरतात. संग्रहालयंही हेच करतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. वस्तू खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर दव धरतं.

धातूची सफाई हा भांडणाचा विषय ठरतो. एकाला चकचकीत हवं, दुसऱ्याला काळवंडलेलं. मी काळवंडलेल्याच्या बाजूने आहे. वर्षानुवर्षं हात फिरून आलेला रंग एकदा घासून गेला की परत येत नाही आणि संग्राहकांच्या लेखी वस्तूची किंमतही उतरते. धूळ झाडा, मऊ कापडाने पुसा आणि महिनाभर थांबून मग ठरवा.

दोन धोके गांभीर्याने घ्या. जुना रंग सुक्या सँडपेपरने घासू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. आणि 1970 च्या आधीचं, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ उघडू नका. त्या रंगात रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असू शकतं. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याची निम्मी मात्रा कमी व्हायला 1,600 वर्षं लागतात. विजेच्या जुन्या दिव्याची वायर मात्र न बघताच बदलून घ्या.

एक वही, दोन अक्षरं

प्रत्येक वस्तूचं एक पान करा. कुठे, केव्हा, किती किमतीला मिळाली, विक्रेत्याने काय सांगितलं, वेड कुणाचं आणि होकार कुणाचा. ज्याचं वेड त्याने वरचा भाग लिहावा, दुसऱ्याने खाली आपलं मत, मग ते ‘मला अजूनही कुरूप वाटतं’ असं का असेना. वर्षातून एकदा वही घेऊन बसा. ज्या पानाकडे बघून दोघांनाही काही वाटत नाही, ती वस्तू जाऊ द्या. विकताना किंवा देताना दोष लपवू नका आणि त्या पानाची नक्कल सोबत द्या. पुढच्या संग्राहकाला वस्तूइतकीच तिची माहितीही हवी असते, आणि ती त्याला बाजारात शोधून सापडणार नाही.