बी.एस्सी.नंतर बायोमेडिकल एम.एस्सी.: अर्जाआधी काय हाताशी हवं

नाशिकच्या बहुतेक बी.एस्सी. कॉलेजांचं विद्यापीठ पुण्याचं. त्यामुळे पुढे म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात जायचं असलं, तरी शहर तेच असूनही मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) लागतं.

जॅम म्हणजे आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवायचं. गॅट-बी ही जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा. तिच्या ब भागात १०० पैकी ६०च प्रश्न सोडवायचे असतात. चुकीला गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकू नका.

ओबीसी असाल तर खरी अडचण जातीच्या दाखल्यात. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर केंद्रीय संस्थांत चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्राचा नमुना’ असं स्पष्ट सांगा. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी पाहा. राज्याची यादी वेगळी असते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळवा. आईचं नाव, आडनाव आधी की शेवटी, इथेच फॉर्म अडकतो.

शिफारसपत्रासाठी सरांना किमान महिनाभर आधी गाठा, सोबत गुणपत्रिका आणि प्रोजेक्टचा पानभर गोषवारा द्या. उद्देशपत्रात ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ नको. कोणता प्रयोग केला, काय फसलं, का फसलं, ते लिहा.