गॅसवरची साधी ग्रेव्ही बिघडते कुठे? या चुका टाळा

लोणी, मैदा, स्टॉक (म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं चवदार पाणी) आणि मीठ. मैद्याने दाट केलेल्या साध्या ग्रेव्हीला याहून फारसं काही लागत नाही आणि सगळं काम वीसेक मिनिटांत आटोपतं. तरीही ती कधी गुठळ्यांची होते, कधी पिठूळ लागते, कधी इतकी घट्ट बसते की चमचा उभा राहावा, तर कधी वर तेलकट तवंग आणून हिरमोड करते. माझं ठाम मत असं की यातल्या निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ एकच आहे: ग्रेव्हीला उकळी फुटायच्या आधीच आपण तिची पारख करतो. पातळ दिसली की घाईने पीठ घालतो, मग घट्ट झाली म्हणून पाणी, मग चव गेली म्हणून मीठ. मूळ ग्रेव्ही ठीकच होती, ती बिघडली या दुरुस्त्यांमुळे.

गुठळ्या का होतात

कोरडा मैदा उकळत्या स्टॉकमध्ये टाकला की गुठळ्या होणारच, हात कितीही चपळ असला तरी. पिठाच्या गोळीला बाहेरून गरम पाणी लागतं, तिथला स्टार्च लगेच फुगतो आणि गोळीभोवती चिकट कवच तयार होतं. मग आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. अशी गुठळी अर्धा तास उकळली तरी फोडल्यावर आत पांढरं पीठ निघतं.

म्हणून मैदा आधी लोण्यात परतायचा. वितळलेल्या लोण्यात पिठाचा कण न् कण स्निग्धांशाने वेढला जातो, कण सुटे राहतात आणि पाणी आलं की प्रत्येक जण आपापला फुगतो. या परतलेल्या मिश्रणाला रू म्हणतात. साध्या ग्रेव्हीचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे.

पण रू चांगला जमूनही पुढच्याच मिनिटाला गुठळ्या होताना दिसतात, कारण स्टॉक एकदम ओतला जातो. रू पातळ पाण्यात तरंगायला लागला की त्याचे गोळे व्हिस्कच्या, म्हणजे घोटायच्या तारेच्या फेटणीच्या, तारांतून निसटतात. सुरुवातीला पाव कपच स्टॉक घाला आणि जोरात घोटा. मिश्रण एकदम आळून पेस्टसारखं होईल. इथे बरेच जण घाबरतात, पण हेच व्हायला हवं असतं: मिश्रण घट्ट असतानाच गुठळ्या घासून मोडता येतात. पेस्ट गुळगुळीत झाली की आणखी पाव कप, पुन्हा घोटणं. असं तीन-चार वेळा झालं की उरलेला स्टॉक बारीक धारेने सलग ओतला तरी चालतो.

स्टॉक गरम घ्यावा की गार, यावर स्वयंपाकघरात बरेच वाद होतात. दोन्ही बाजूंची टोकं टाळावीत. तडतडत्या रूवर खळखळ उकळता स्टॉक पडला तर तो उसळतो, हातावर उडतो आणि घोटायला सवडच मिळत नाही. फ्रिजमधला थंडगार स्टॉक घातला तर लोणी थिजतं आणि सगळं पुन्हा तापायला वेळ जातो. कोमट किंवा साध्या तापमानाचा स्टॉक सगळ्यात सोपा.

इतकं करूनही गुठळ्या राहिल्याच, तर बारीक जाळीच्या गाळणीतून ग्रेव्ही गाळा आणि गुठळ्या चमच्याच्या पाठीने दाबून खाली उतरवा. नुसत्या गाळून टाकल्या तर त्यांच्याबरोबर दाटपणाही जातो. मिक्सर वापरायचा असेल तर भांडं अर्ध्याहून कमी भरा आणि वाफेला वाट ठेवा. गरम द्रव बंद भांड्यात फिरवला की वाफेच्या जोराने झाकण उडतं, भाजण्याचे बरेच अपघात यातूनच होतात.

सारखे चमचे, सारखं वजन नाही

लोणी आणि मैदा समप्रमाणात घ्या, असं सगळेच सांगतात. हे समप्रमाण वजनाचं आहे. 15 मिलीचा एक सपाट मोठा चमचा लोणी साधारण 14 ग्रॅम भरतं आणि तेवढाच सपाट चमचा मैदा जेमतेम 8 ग्रॅम. म्हणजे दोन चमचे लोण्याला दोन चमचे मैदा घेतला तर वजनाने मैदा निम्म्याच्या जरासाच वर जातो. अशी ग्रेव्ही पातळ राहते, आणि पिठाला न पेलणारं लोणी वर तरंगतं.

30 ग्रॅम लोणी, 30 ग्रॅम मैदा आणि 500 मिली स्टॉक हे प्रमाण लक्षात ठेवा. चमच्यांत सांगायचं तर दोन चमचे लोणी आणि जवळपास चार सपाट चमचे मैदा. यातून मध्यम, पळीवाढी ग्रेव्ही होते. चमचा सपाटच भरा. शीग लावून भरलेल्या चमच्यात सपाट चमच्याच्या दुप्पटही मैदा मावतो आणि सगळा हिशेब तिथेच चुकतो.

कच्च्या पिठाची चव

ग्रेव्ही दिसते सुंदर, पण जिभेवर पिठाचा कच्चट वास रेंगाळतो. रूला पुरेसा वेळ न मिळाल्याची ही खूण आहे. लोणी वितळून त्याचा फेस बसला की मैदा घाला आणि मंद ते मध्यम आचेवर किमान दोन-तीन मिनिटं हलवत राहा. लोण्यात थोडं पाणी असतं, ते आधी उडून जातं. मग मिश्रण सैल होतं, बारीक बुडबुडे येतात आणि खमंग वास सुटतो. हा वास घड्याळापेक्षा भरवशाचा, कारण प्रत्येकाच्या शेगडीची आच आणि पातेल्याचं बूड वेगळं असतं.

पातेलं जाड बुडाचंच घ्या. पातळ बुडाच्या भांड्यात मधला मैदा करपतो आणि कडेचा कच्चाच राहतो. करपलेला रू वाचवायच्या भानगडीत पडू नका: काळे ठिपके दिसले की टाकून द्या आणि नव्याने करा. तो कडवटपणा पुढे कशानेही झाकत नाही, आणि गेलेलं असतं फक्त थोडं लोणी नि मैदा.

गडद रंगाची ग्रेव्ही हवी असेल तर रू बदामी, तपकिरी होईपर्यंत मंद आचेवर परततात. चव फार छान येते, पण जास्त भाजताना पिठातला स्टार्च तुटत जातो आणि त्याची दाट करण्याची ताकद कमी होते. रंग जितका गडद, तितका मैदा सुरुवातीलाच थोडा जास्त घ्या. गोऱ्या रूच्या मापाने तपकिरी ग्रेव्ही केली की ती पातळ राहते आणि लोक स्टॉकला दोष देतात.

पातळ की घट्ट, हे कधी ठरवायचं

आता त्या घाईकडे येऊ. गव्हाचा स्टार्च साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास फुगायला लागतो, पण त्याचा पुरता दाटपणा द्रव उकळीच्या जवळ आल्यावरच दिसतो. नुसत्या वाफाळणाऱ्या ग्रेव्हीकडे बघून ती पातळ झाली म्हणणं म्हणूनच चूक आहे. तिला उकळी येऊ द्या, मग आच कमी करून पाच ते दहा मिनिटं हलकेच खदखदू द्या, बुडाशी आणि कडेला चमचा फिरवत. पिठाचा उरलेला कच्चेपणाही याच वेळात जातो.

मग चमचा बुडवून बाहेर काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही कडा जागच्या जागी राहिल्या, तर ग्रेव्ही झाली. गॅस बंद करताना ती हवी त्यापेक्षा किंचित सैलच असावी, कारण निवताना आणखी आळते. शेगडीवर अगदी मनासारखी दिसणारी ग्रेव्ही ताटात येईपर्यंत गोळा होऊन बसते.

उकळूनही पातळच राहिली तर दोन उपाय आहेत. मऊ लोणी आणि मैदा सारख्या वजनाने बोटांनी मळून छोट्या गोळ्या करा आणि एकेक गोळी ग्रेव्हीत घोटत जा. यात मैदा आधीच लोण्यात भिजलेला असतो, म्हणून गुठळी होत नाही. मात्र तो कच्चा आहे, हे विसरू नका आणि वरून तीन-चार मिनिटं उकळा. दुसरा उपाय कॉर्नफ्लॉरचा: मक्याचा पांढरा स्टार्च, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. एक चमचा कॉर्नफ्लॉर दोन चमचे गार पाण्यात कालवून थोडं थोडं घाला. पाणी गारच हवं, गरम पाण्यात वाटीतच गुठळ्या होतात. कॉर्नफ्लॉरची ताकद मैद्याच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून अर्धं मिश्रण घातल्यावर थांबा, उकळी येऊ द्या आणि मगच उरलेल्याचा विचार करा. ते घातल्यावर फार वेळ खळखळ उकळू नका, जोरात घोटूही नका. फुगलेले कण फुटतात आणि आळलेली ग्रेव्ही परत सैल पडते.

घट्ट झाली तर काम सोपं आहे, कोमट स्टॉक घालून घोटा. नुसतं पाणी घातलं तर चव पातळ होते.

मीठ शेवटी

ग्रेव्ही आटते तेव्हा पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ दहा मिनिटांनी जास्त होतं. तयार स्टॉक किंवा स्टॉक क्यूब वापरत असाल तर त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून दाटपणा मनासारखा होईपर्यंत मिठाला हातच लावू नका.

खारट झालेल्या ग्रेव्हीत बटाटा टाकायचा सल्ला घरोघर ऐकायला मिळतो. बटाटा मीठ निवडून शोषत नाही. तो खारट द्रव थोडा पितो, उरलेल्याचा खारटपणा तसाच राहतो. खरा उपाय म्हणजे बिनमिठाचा स्टॉक किंवा थोडं दूध घालून प्रमाण वाढवणं आणि वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा दाट करणं. लिंबाचे दोन थेंब खारटपणा जिभेला कमी जाणवू देतात, पण मीठ थोडंसंच जास्त असेल तरच.

वर तवंग आला तर

मांस भाजलेल्या भांड्यातली चरबी तशीच रूसाठी घेतली की हमखास असं होतं. भांड्यातला रस एका उंच ग्लासात ओतून पाच-दहा मिनिटं ठेवा. चरबी वर येते, ती काढून मोजा, लागेल तेवढीच वापरा आणि खालचा रस स्टॉकमध्ये घाला. तयार ग्रेव्हीवर तवंग दिसला तर आच बंद करून तो पळीने अलगद काढून घ्या. ग्रेव्ही फुटल्यासारखी दिसत असेल, तर दोन-तीन चमचे गरम स्टॉक घालून जोरात घोटल्यावर बहुतेक वेळा मिळून येते.

चव येत नाही

फिक्या ग्रेव्हीत लोक मिरपूड वाढवत जातात, पण कमतरता असते ती खरपूसपणाची. मांस किंवा भाज्या परतल्यावर भांड्याच्या तळाला जो तपकिरी थर चिकटतो, तो घासून टाकणं ही मोठी चूक आहे. त्यावर थोडा स्टॉक घालून लाकडी उलथन्याने खरवडा, सगळी चव द्रवात उतरते. आधी थराची चव घेऊन बघा. काळा आणि कडू असेल तर तो सोडून द्या. नॉनस्टिक भांड्यात असा थर जवळजवळ धरतच नाही, म्हणून या कामाला स्टील किंवा बिडाचं भांडं बरं.

शाकाहारी ग्रेव्हीला हा आधार नसतो. तिथे कांदा मंद आचेवर अर्धा तास परतून गडद करा, पाच मिनिटांत तसा होत नाही. सुक्या मशरूमचं भिजवलेलं पाणी गाळून वापरा, चमचाभर टोमॅटो पेस्ट रूबरोबर परता किंवा शेवटी थोडा सोया सॉस घाला आणि तेवढं मीठ कमी करा. आंबट काही घालायचं असेल तर ते अगदी शेवटी, कारण आंबटात बराच वेळ उकळलं की स्टार्चची पकड सैल होते.

उरलेली ग्रेव्ही

मोठं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणं ही या यादीतली सगळ्यात धोक्याची चूक. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि ग्रेव्ही सावकाश कोमट होत जाते त्या तासांत झपाट्याने वाढतात. दाट पदार्थ मोठ्या भांड्यात फार हळू निवतो, म्हणूनच मांसाच्या ग्रेव्हीचं नाव अन्नविषबाधेच्या प्रकरणांत वारंवार येतं. दोन तासांच्या आत ती उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

वर साय धरू नये म्हणून बटर पेपर ग्रेव्हीच्या पृष्ठभागाला टेकवून ठेवा. फ्रिजमध्ये ती वडीसारखी घट्ट होते, त्यात बिघडलेलं काही नसतं. थोडा स्टॉक घालून मंद आचेवर घोटत सैल करा आणि वाढण्याआधी एकदा पूर्ण उकळी आणा. फ्रीझरमधून काढलेली ग्रेव्ही पाणी सोडते. मैद्याची असेल तर घोटल्यावर बहुतेक सावरते, कॉर्नफ्लॉर किंवा बरंच दूध असलेली मात्र रवाळच राहते, म्हणून ती गोठवू नका.