सी प्लस प्लसचा डिस्ट्रक्टर: या चुका टाळा

नागपूरच्या आयटी पार्कात नव्याने रुजू झालेल्या मुलांचा कोड तपासताना डिस्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनच्या) त्याच त्या चुका भेटतात. काहींवर सविस्तर बोलायलाच हवं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बेस क्लासचा (ज्यावरून पुढचे डिराइव्ह्ड क्लास बनतात त्याचा) डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल, म्हणजे ऑब्जेक्टच्या खऱ्या प्रकारानुसार निवडला जाणारा, न ठेवणं. अशा बेसच्या पॉइंटरमधून डिराइव्ह्ड ऑब्जेक्ट डिलीट केला, तर पुढे काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. बहुतेकदा डिराइव्ह्डचा डिस्ट्रक्टर चालतच नाही आणि प्रोग्राम मुकाट पुढे जातो.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वजनकाट्यांचे आकडे गोळा करणारा प्रोग्राम लिनक्सवर चालायचा. काट्याचं कनेक्शन तुटलं की जुना ऑब्जेक्ट डिलीट, नवा तयार. सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद करणारी ओळ डिराइव्ह्डच्या डिस्ट्रक्टरमध्ये, बेसचा डिस्ट्रक्टर साधा. म्हणजे कनेक्शन तुटेल तितक्या वेळा एकेक सॉकेट उघडाच राहणार. लिनक्समध्ये एका प्रोसेसला सहसा 1024 फाइल्स उघड्या ठेवता येतात, सॉकेटही त्यातच मोजतात. तो आकडा भरला की 'टू मेनी ओपन फाइल्स', आणि गेटवर ट्रकांची रांग.

"सर, लिमिट वाढवून टाकतो न, चालते," नवा मुलगा म्हणाला. त्याच्याआधी कोणीतरी रोज रात्री रीस्टार्ट करायचं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकून ठेवलंच होतं. असल्या उपायांची मला मनापासून चीड आहे. सॉकेट गळतच राहतात, फक्त रांग थोडी उशिरा लागते. एलएसओएफ (उघड्या फाइल्सची यादी देणारी कमांड) चालवलं, तर एकाच काट्याच्या पत्त्याच्या ओळी स्क्रीनभर. दुरुस्ती एका शब्दाची होती: बेसच्या डिस्ट्रक्टरआधी व्हर्च्युअल. जीसीसी कंपायलर 'डब्ल्यू-ऑल' हा पर्याय लावल्यावर अशा डिलीटवर वॉर्निंग देतो, पण 'फार वॉर्निंग्ज येतात' म्हणून बिल्डमधून तो पर्यायच काढून टाकला होता.

मी क्लासमध्ये पहिलं व्हर्च्युअल फंक्शन लिहायच्या आधी व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर लिहितो, रिकामा का असेना.

दुसरी चूक, डिस्ट्रक्टरमध्ये डिलीट लिहायचं आणि कॉपीचा विचारच करायचा नाही. ऑब्जेक्ट फंक्शनला व्हॅल्यूने दिला की कॉपीतही तोच पॉइंटर जातो. फंक्शन संपताना कॉपी मेमरी सोडते, नंतर मूळ ऑब्जेक्ट तीच पुन्हा सोडतो, आणि क्रॅश भलतीकडेच दिसतो. कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट दोन्ही नीट लिहा, नाहीतर दोन्ही बंद करा. मी मालकीचा कच्चा पॉइंटर ठेवतच नाही, व्हेक्टर किंवा युनिक पॉइंटर वापरतो, ते मेमरी आपोआप सोडतात. घाईत सगळीकडे शेअर्ड पॉइंटर (एकाच ऑब्जेक्टची मालकी अनेकांत वाटणारा) लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं: दोन ऑब्जेक्ट एकमेकांना तसे धरून बसले, तर दोघांचेही डिस्ट्रक्टर चालत नाहीत. एका बाजूला मालकी न घेणारा वीक पॉइंटर हवा.

डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन बाहेर जाऊ देऊ नका, सी प्लस प्लस 11 पासून प्रोग्राम थेट टर्मिनेट होतो.

ॲरेसाठी न्यू केलं असेल तर डिलीटही ॲरेवालंच.

डिस्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल फंक्शन बोलावू नका. डिराइव्ह्डचा भाग तोवर नष्ट झालेला असतो, बेसचंच फंक्शन चालतं.

मेंबर लिहिलेल्या क्रमाच्या उलट नष्ट होतात, म्हणून लॉगर वर आणि तो वापरणारे मेंबर खाली.

आणि कुठूनही एक्झिट बोलावू नका. स्थानिक ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर त्यात चालत नाहीत. मेनपर्यंत परत या आणि तिथून रिटर्न करा.