जर्मन करार संपवण्याची कलमं इंग्रजीत नेण्याआधी

करार हातात आला की भाषांतराला बसण्याआधी एवढं विचारून घ्या: इंग्रजी मसुदा वाचणारा वकील लंडनचा की मुंबईचा? उत्तर आल्याशिवाय शब्दसूची पक्की करू नका. का, ते पुढे येईल.

जर्मन नागरी संहिता, म्हणजे १९०० पासून लागू असलेली बीजीबी, शेजारच्या खिडकीत उघडी ठेवा. तिचं इंग्रजी भाषांतर जर्मन सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. संदर्भाला उत्तम, पण कायदेशीर बळ फक्त जर्मन मजकुराला.

मग करारात संपवण्याचे शब्द जिथे जिथे आलेत तिथे खूण करा आणि प्रत्येकाला विचारा: याचा परिणाम पुढचाच, की मागचंही उलटतं? भाडं, नोकरी, देखभाल अशा चालू करारांतली 'क्युंडिगुंग' आजपासून पुढचं थांबवते. तिला 'टर्मिनेशन' चालतं. 'आनफेख्टुंग' म्हणजे चूक किंवा फसवणूक दाखवून करार मुळापासूनच रद्द करणं (कलम १४२); तिथे 'अव्हॉइडन्स'. (नुसते कलमांचे आकडे दिलेत ते बीजीबीचे.) ग्राहकाचा चौदा दिवसांचा 'विडरुफ', म्हणजे करारातून माघार, युरोपीय संघाच्या निर्देशाच्या इंग्रजी मजकुरात 'विथड्रॉवल' आहे. तोच घ्या, नवा शोध नको. 'आउफहेबुंग्सफरट्राग', म्हणजे करार संपवण्याचाच करार, मात्र दोघांच्या संमतीने होतो, हे इंग्रजीत दिसलं पाहिजे.

खरी कसोटी 'रुकट्रिट'ची, म्हणजे एका पक्षाने करारातून बाहेर पडण्याची. इथे घेतलेलं परत करायचं असतं (कलम ३४६), म्हणून हात आपोआप 'रिसिजन'कडे जातो. पण १९७९ च्या जॉन्सन विरुद्ध अ‍ॅग्न्यू खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) बजावलं, की करारभंगामुळे करार संपवणं वेगळं आणि करार मुळापासून पुसणारं रिसिजन वेगळं. त्यामुळे लंडनचा वकील 'रिसिजन' वाचून करारभंगाची नुकसानभरपाई गेली असं समजू शकतो. जर्मन कायद्यात ती जात नाही. कलम ३२५ तसं स्पष्ट सांगतं. मुंबईत ही अडचण कमी, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७५ योग्य रीतीने करार रद्द करणाऱ्याला भरपाईचा हक्क देतं. लंडनसाठी मी इंग्रजी पर्यायापुढे कंसात मूळ जर्मन शब्द ठेवतो आणि पहिल्याच उल्लेखात एका वाक्यात परिणाम लिहितो. कुणाला ते अवघडलेलं वाटतं, वाटू दे.

आता मुदती. 'ड्राय मोनाटे त्सुम क्वार्टाल्सएंडे' (तीन महिने, तिमाहीअखेरीला) याचं नुसतं 'थ्री मन्थ्स नोटिस' केलंत तर अर्धं कलम गळालं. नोटीस ५ ऑक्टोबरला पोचली, तर करार ५ जानेवारीला नाही, ३१ मार्चला संपतो. तिमाहीअखेर इंग्रजीत आलीच पाहिजे. आणि मोजणी नोटीस पोचल्यापासून, टपालात टाकल्यापासून नाही (कलम १३०). 'फ्रिस्टलोस'ला (मुदत न देता) 'विदाउट नोटिस' लिहू नका. कळवायचीच गरज नाही असा अर्थ निघतो, आणि कळवणं तर लागतंच. 'विथ इमिजिएट इफेक्ट' लिहा. 'विख्टिगर ग्रुंड', म्हणजे करार तडक संपवण्याइतकं सबळ कारण, हे 'इम्पॉर्टंट रीझन' नव्हे, 'गुड कॉज'.

'श्रिफ्टफॉर्म' (लेखी रूप) दिसलं की थांबा. इंग्रजी 'इन रायटिंग'मध्ये ईमेलही बसू शकतो. पण जर्मनीत नोकरी संपवायला कलम ६२३ प्रमाणे कागदावर हाताची सही लागते, इलेक्ट्रॉनिक रूप चालत नाही. व्यापारी करारात दोन्ही पक्षांनी स्वतःहून ठरवलेलं लेखी रूप मात्र सैल असतं. वेगळा हेतू दिसत नसेल तर ईमेलही पुरतो (कलम १२७). तेव्हा ही अट कायद्याची आहे की पक्षांनी ठरवलेली, हे ग्राहकाला काम सुरू करण्याआधीच लेखी विचारा आणि उत्तर फाइलला जोडून ठेवा.